अंश आणि छेद : अर्भक मृत्युदराचे देशोदेशींचे आकडे

अर्भक मृत्युदर हा एक भागाकार आहे. एखाद्या वर्षात पहिला वाढदिवस येण्याआधीच दगावलेल्या मुलांची संख्या अंशस्थानी ठेवायची, त्याच वर्षातल्या जिवंत जन्मांची संख्या छेदस्थानी ठेवायची आणि उत्तराला हजाराने गुणायचे. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२३ साली हा दर २५ होता. जपानचा दर दोनच्या आत आहे, संपूर्ण जगाचा २७ च्या आसपास. प्राथमिक शाळेतल्या मुलाला जमावे इतके हे गणित सोपे आहे. अडचण सुरू होते ती अंश आणि छेद ज्या दप्तरांतून येतात तिथे. ही दप्तरे देशागणिक वेगळी असतात, त्यांत लिहिणारे कारकून वेगळे असतात आणि काय लिहायचे, काय सोडायचे याचे नियमही वेगळे असतात.

या आकड्याला एवढे वजन का आले, हे थोडक्यात सांगता येते. इंग्लंडच्या स्थानिक प्रशासन मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी आर्थर न्यूजहोम यांनी १९१० च्या अहवालात अर्भक मृत्युदराला समाजाच्या सुस्थितीचा आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा सर्वांत संवेदनशील निर्देशांक ठरवले. तान्हे मूल पाणी, दूध, घराची हवा आणि आईचे पोषण या सगळ्यांचा परिणाम लगेच भोगते, म्हणून त्यांचे म्हणणे रास्तच होते. पुढे मात्र या आकड्याला आरोग्याच्या कामाबरोबर राजकारणाचे कामही करावे लागले. शीतयुद्धात दोन्ही बाजूंनी तो एकमेकांवर फेकला. आज दर वर्षी देशांची क्रमवारी छापली जाते आणि आपला देश कितव्या क्रमांकावर घसरला किंवा चढला याच्या बातम्या होतात. ज्या आकड्यावर अब्रू अवलंबून असते तो अधिक जपून वाचावा लागतो.

छेद चुकला की काय होते, याचे शिकण्यासारखे उदाहरण मुंबई शहराचेच आहे. १९२१ साली मुंबईचा नोंदलेला अर्भक मृत्युदर सुमारे ६६७ होता. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्सचा दर ८३ होता. मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांपुरता हिशेब केला तेव्हा आकडा ८२८ वर गेला. तो शब्दशः घेतला, तर गिरणगावातल्या चाळींत जन्मलेल्या हजार मुलांपैकी जेमतेम पावणेदोनशे वर्षभर जगली असे म्हणावे लागेल. मुंबईच्या कामगारवस्तीची अवस्था भयंकर होती, यात वाद नाही. पण ८२८ हा आकडा त्या अवस्थेचा आहे की दप्तराचा, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गिरणीतला कामगार रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा असे. बायको गरोदर राहिली की सातव्या-आठव्या महिन्यात तिला गावी पाठवले जाई. पहिले बाळंतपण तर माहेरीच व्हायचे. मुलाचा जन्म गावच्या दप्तरात लागला तर लागला. तीन-चार महिन्यांनी आई मूल घेऊन परळ-लालबागच्या खोलीत परतायची. तिथे उन्हाळ्यातल्या जुलाबांनी किंवा पावसाळ्यातल्या छातीच्या विकाराने मूल गेले, तर त्याचा मृत्यू मुंबईच्या नोंदवहीत पडायचा, कारण स्मशानात नोंद केल्यावाचून भागत नसे. घरी सुईणीच्या हातून झालेला जन्म मात्र कुणी नोंदवला नाही तरी कुणाचे काही अडत नसे. अशा रीतीने मृत्यू जवळपास पुरे मोजले गेले आणि जन्म अपुरे.

समजा, नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे गावाहून आणलेली आणि शहरातच जन्मून नोंदीतून सुटलेली आणखी सहाशे मुले शहरात होती. तर ६६७ मृत्यूंना १६०० ने भागावे लागेल, आणि दर येईल ४१७. सहाशे हा आकडा केवळ उदाहरणापुरता घेतला आहे, पण त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की छेद दुरुस्त केल्यावरही मुंबईचा दर इंग्लंडच्या पाचपट राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे होती, सामाईक नळ आणि संडास होते, आणि आई पाळीवर गेली की तान्ह्या मुलाने झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी दिली जाई. दप्तराची चूक दाखवल्याने यातले काहीच खोटे ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. गावाशी सर्वांत घट्ट नाते एका खोलीतल्या कामगार कुटुंबांचेच होते. त्यामुळे छेदातली तूटही त्यांच्यात सर्वांत मोठी असणार, आणि एक खोली व अनेक खोल्या यांच्या दरांत दिसणारी तफावत काही अंशी याच तुटीतून आलेली असणार. चुकीचे माप सगळ्यांना सारखेच चुकीचे लागू पडत नाही. देशांची तुलना करतानाही नेमके हेच विसरले जाते.

छेदाच्या पाठोपाठ प्रश्न येतो तो जन्म कशाला म्हणायचे याचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठरवलेली व्याख्या निःसंदिग्ध आहे. गर्भ आईपासून पूर्ण वेगळा झाल्यावर त्याने श्वास घेतला, हृदयाचा ठोका पडला, नाळेत स्पंदन जाणवले किंवा स्नायूंची स्पष्ट हालचाल झाली, तर गर्भ कितीही आठवड्यांचा असला तरी तो जिवंत जन्म. प्रसूतिगृहात मात्र गोष्टी इतक्या सुटसुटीत नसतात. तेविसाव्या आठवड्यात पाचशे ग्रॅमचे मूल येते, दोन-चार आचके देते, हृदय वीस मिनिटे धडधडते आणि थांबते. अमेरिकेत या मुलाचा जन्मदाखला निघतो आणि मृत्युदाखलाही. सोव्हिएत संघात त्याची गणना गर्भपातात झाली असती. फ्रान्समध्ये १९९३ च्या कायद्यापर्यंत जन्म नोंदवण्याआधी गेलेल्या मुलाची नोंद ‘निर्जीव सादर केलेले मूल’ अशी होत असे, मग ते दोन दिवस जगलेले का असेना. अशा ‘खोट्या मृतजात’ मुलांचा हिशेब तिथल्या सांख्यिकी खात्याला वेगळा ठेवावा लागे. स्पेनच्या दिवाणी संहितेत तर मूल चोवीस तास जगल्याशिवाय त्याला कायद्याने व्यक्ती मानले जात नसे. ही अट २०११ साली गेली. युरोपातल्या काही देशांत २२ आठवडे किंवा ५०० ग्रॅम ही नोंदणीची खालची सीमा आहे.

ही सीमारेषेवरची मुले संख्येने फारच थोडी असतात, पण त्यांतली बहुतेक सगळी दगावतात. ज्या देशाचा एकूण दर तीन-चार आहे तिथे त्यांना धरले की सोडले याने चित्र पालटते. ज्या देशाचा दर पन्नास आहे तिथे फरक जाणवतही नाही. म्हणून दर जितका कमी तितका वाद व्याख्येचा, आणि दर जितका जास्त तितका वाद नोंदणीचा, असे ढोबळमानाने म्हणता येते. नॉर्वे आणि नायजर यांना एकाच तक्त्यात ओळीने बसवताना ही दोन वेगळी आजारपणे एकच समजली जातात.

सोव्हिएत संघाच्या बाबतीत मात्र दोन्ही आजार एकाच देशात होते. तिथल्या नियमानुसार २८ आठवड्यांच्या आत, १००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचे मूल सात दिवस जगले तरच ते जिवंत जन्मलेले मानले जाई. सहाव्या दिवशी गेले तर ते ना जन्मांत, ना मृत्यूंत. या एका नियमामुळे सोव्हिएत दर पाश्चात्त्य व्याख्येने येणाऱ्या दरापेक्षा वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी दिसत असे, असा अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञ बार्बरा अँडरसन आणि ब्रायन सिल्व्हर यांचा अंदाज होता. पण खरा पेच वेगळाच होता. १९७१ साली २२.९ असलेला सोव्हिएत दर १९७४ पर्यंत २७.९ वर गेला, आणि मग तो आकडाच छापणे बंद झाले. औद्योगिक देशात शांततेच्या काळात अर्भक मृत्युदर वाढणे ही गोष्ट तोवर जवळपास ऐकिवात नव्हती. फ्रान्सचा एक तरुण अभ्यासक इमान्युएल टॉड याने १९७६ साली याच आकड्यांच्या आधारे सोव्हिएत व्यवस्था कोसळणार असे भाकीत करणारे पुस्तक लिहिले. तेव्हा त्याचे वय पंचविशीचे होते आणि बहुतेकांनी त्याचे म्हणणे हसण्यावारी नेले.

१९८० साली क्रिस्टोफर डेव्हिस आणि मरे फेशबाख या अभ्यासकांनी सोव्हिएत आरोग्यव्यवस्था ढासळत असल्याचा निष्कर्ष काढला. एलन जोन्स आणि फ्रेड ग्रुप यांनी काही वर्षांतच उलट बाजू मांडली. मध्य आशियातल्या प्रजासत्ताकांत, विशेषतः खेड्यांत, पूर्वी नोंदच न होणारे तान्ह्या मुलांचे मृत्यू आता नोंदले जाऊ लागले होते. शिवाय त्याच प्रदेशात जन्मप्रमाण जास्त असल्यामुळे संघाच्या एकूण जन्मांत त्यांचा वाटा वाढत होता. म्हणजे एकाही गावात एकही जास्तीचे मूल न दगावता देशाचा दर वाढू शकतो. दोन्ही पक्षांत तथ्य होते असे आज म्हणावे लागते. मध्य आशियातली वाढ पुष्कळशी कागदावरची होती. पण युरोपीय प्रजासत्ताकांत जिथे नोंदणी आधीच चांगली होती तिथेही सुधारणा थबकली होती, आणि ती कागदाने समजावून सांगता येत नाही. छापणे बंद करणे हा मात्र मृत्युदर लपवण्याचा सर्वांत वाईट मार्ग ठरला, कारण त्यानंतर लोकांनी त्याहून वाईटच कल्पिले.

या गोष्टीला एक पुढचा अध्याय आहे. रशियाने २०१२ पासून ५०० ग्रॅमपासूनच्या मुलांची पूर्ण नोंद सुरू केली. २०११ चा ७.४ हा दर २०१२ मध्ये ८.६ झाला. त्या वर्षी रशियन रुग्णालये अचानक बिघडली नव्हती. पण केवळ आकड्यांची रांग पाहणाऱ्याला तसेच वाटेल.

अमेरिकेबद्दलचा वाद याच धर्तीवर चालतो, फक्त भूमिका उलट आहेत. जगात आरोग्यावर सर्वाधिक खर्च करणारा हा देश अर्भक मृत्युदराच्या यादीत श्रीमंत देशांच्या बराच खाली असतो. यावर ठरलेले उत्तर असे असते की अमेरिका प्रत्येक श्वास मोजते, युरोप मोजत नाही. हे उत्तर तपासता येण्याजोगे आहे आणि अमेरिकेच्याच राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राच्या मॅरियन मॅकडॉर्मन आणि सहकाऱ्यांनी ते तपासले. २०१० साली अमेरिकेचा दर ६.१ होता. २४ आठवड्यांच्या आत जन्मलेली सगळी मुले अमेरिकेच्या आणि युरोपच्याही हिशेबातून काढून टाकली. अमेरिकेचा दर ४.२ वर आला. म्हणजे व्याख्येचा आक्षेप पोकळ नव्हता. दराचा जवळपास एकतृतीयांश भाग त्या अगदी अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा होता. पण उरलेला ४.२ हा दरसुद्धा फिनलंड, स्वीडन आणि डेन्मार्क यांच्या तसाच काढलेल्या दरांच्या दुपटीच्या आसपास होता.

मग उरलेले कुठून येते? काही भाग असा की अमेरिकेत अपुऱ्या दिवसांची मुलेच जास्त जन्मतात. अशा मुलाला वाचवण्यात अमेरिकी अतिदक्षता विभाग युरोपच्या बरोबरीने, काही वजनगटांत सरस आहेत. तरीही अशी मुले इतकी जास्त येतात की उत्तम उपचारही दर खाली ओढू शकत नाहीत. निम्म्याच्या जवळपास भाग मात्र दिवस भरलेल्या, धडधाकट जन्मलेल्या मुलांचा आहे. ॲलिस चेन, एमिली ऑस्टर आणि हायडी विल्यम्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवले की अमेरिकी मूल पहिल्या महिन्यात फारसे मागे नसते. ते मागे पडते ते घरी गेल्यावर, महिन्यानंतरच्या काळात, आणि ही घसरण गरीब व कमी शिकलेल्या आयांच्या मुलांमध्ये एकवटलेली आहे. २०२२ साली अमेरिकेचा एकूण दर ५.६ होता, कृष्णवर्णीय आयांच्या मुलांचा १०.९, गोऱ्या आयांच्या मुलांचा ४.५. व्याख्या दोघांसाठी एकच, नोंदवही एकच. तेव्हा व्याख्येचा आक्षेप इथे लंगडा पडतो. देशाची तुलना परक्या देशाशी करण्याआधी त्याची तुलना त्याच्याच पोटातल्या गटांशी करावी, हा या अभ्यासांतून मिळणारा कामाचा धडा आहे.

जन्म आणि मृत्यू यांच्या सीमेवर आणखी एक वाट आहे, ती म्हणजे प्रसूतीनंतर तासाभरात गेलेल्या मुलाला उपजत मृत म्हणून लिहिणे. असे लिहिले की मूल अंशातूनही जाते आणि छेदातूनही. ही चलाखी पकडण्याची एक पद्धत आहे. गर्भावस्थेच्या शेवटच्या टप्प्यातले मृत्यू आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातले मृत्यू यांची कारणे बरीचशी सारखीच असतात : गुदमरणे, रक्तस्राव, अडलेले बाळंतपण. म्हणून त्यांचे परस्पर प्रमाण देशादेशांत फार वेगळे असू नये. क्युबाच्या आकड्यांवर रॉबर्तो गोन्झालेझ या अभ्यासकांनी २०१५ मध्ये हीच कसोटी लावली. इतर देशांत हे प्रमाण साधारण एक ते तीन यांच्या दरम्यान होते. क्युबात सहाच्या आसपास. क्युबाचा दर २०१८ साली ४.० सांगितला जात होता, अमेरिकेहून कमी, आणि त्याचा गाजावाजाही होत असे. क्युबाचे कुटुंबवैद्य, गरोदर स्त्रियांसाठीची निवासगृहे आणि लसीकरण हे खरे काम आहे. ही दुरुस्ती केल्यावरही क्युबाचा दर त्या देशाच्या उत्पन्नाच्या मानाने चांगलाच निघतो. पण ज्या व्यवस्थेत डॉक्टरची बढती एका आकड्यावर अवलंबून असते तिथे तो आकडा सीमारेषेवर ढकलला जाणारच. २०२१ नंतर तिथला अधिकृत दरही सातच्या वर गेला आहे.

भारताच्या आकड्यांतही या कसोटीपुढे एक खटकणारी जागा सापडते. नमुना नोंदणीत उपजत मृत्यूंचा दर अलीकडच्या वर्षांत हजारी तीन ते पाच दिसतो, तर संयुक्त राष्ट्रांचे अंदाज बारा ते चौदाच्या घरात आहेत. ज्या देशात पहिल्या आठवड्यातले मृत्यू हजारी पंधराच्या आसपास आहेत तिथे उपजत मृत्यू तीन असणे संभवत नाही. ते मोजलेच जात नाहीत, एवढाच याचा अर्थ.

तरीही नमुना नोंदणी पद्धतीबद्दल आदराने बोलावे लागते. तिचा पाया बंगालमधल्या सिंगूर इथल्या कामावर उभा आहे. सी. चंद्रशेखरन आणि विल्यम एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ साली एक युक्ती मांडली. एकाच भागातल्या जन्म-मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या करायच्या आणि नावे जुळवायची. समजा, पहिल्या यादीत ८० मृत्यू आहेत, दुसरीत ७५, आणि ६० नावे दोन्हींत आहेत. दुसऱ्या यादीतल्या ७५ पैकी ६० पहिलीने पकडले, म्हणजे पहिली यादी शेकडा ८० पकडते. तिने ८० पकडले असतील तर प्रत्यक्षात १०० मृत्यू झाले असावेत, आणि दोन्ही याद्यांतून पाच सुटले. न पाहिलेल्या मृत्यूंची मोजणी करणारी ही पद्धत जगभर गेली. नमुना नोंदणीत तीच चालते. देशभरात सुमारे ८,८०० नमुना घटकांत, ऐंशी लाखांहून अधिक लोकांमध्ये, एक स्थानिक व्यक्ती, बहुधा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक, वर्षभर नोंद ठेवते. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक तिची वही न पाहता घरोघर फिरून दुसरी यादी करतो. मग दोन्ही याद्या जुळवल्या जातात आणि न जुळणाऱ्या नोंदींसाठी पुन्हा त्या घरी जावे लागते. १९७१ साली या पद्धतीने भारताचा दर १२९ आला होता.

युक्तीचे मर्म ‘स्वतंत्र’ या अटीत आहे. पहिल्या यादीतून जे मूल सुटते तेच दुसरीतूनही सुटण्याची शक्यता जास्त असेल, तर सुटलेल्यांचा अंदाज कमी येतो. बारशाआधी गेलेल्या मुलाचे नेमके असेच होते. त्याचे नाव ठेवलेले नसते, गावात फारशी वाच्यता झालेली नसते, आई माहेरी असते. सहा महिन्यांनी पर्यवेक्षक दारात येऊन ‘घरात काही जन्म-मृत्यू?’ विचारतो तेव्हा घरातले मोठे माणूस ‘नाही’ म्हणते. खोटे बोलण्याचा त्यात हेतू नसतो. प्रत्येक गरोदर बाई आधीच यादीत धरली आणि तिच्या बाळंतपणाचे काय झाले ते विचारले, तरच हे मूल सापडते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तसेच केले. गावातली प्रशिक्षित आरोग्यदूत गरोदरपणापासून पाठपुरावा करायची. ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालसेवा दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. सुरुवातीला पहिल्या महिन्यातलाच मृत्युदर हजारी ६२ निघाला. तीन वर्षांत सेवा मिळालेल्या गावांत तो सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत साठच्या जवळपास राहिला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा निष्कर्ष मोजणी पक्की असल्यामुळेच टिकला. मोजणी मध्येच सुधारली असती, तर सेवा उत्तम असूनही दर वाढलेला दिसला असता. २००१ साली महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या भागातले बालमृत्यू मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी दप्तरातल्या आकड्यांपेक्षा त्यांचा अंदाज कित्येक पटींनी मोठा होता. सरकारला मूल्यांकन समिती नेमावी लागली.

दुसरे मोठे साधन म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. इथे नोंदवही नसते, आठवण असते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बाईला तिची सगळी बाळंतपणे क्रमाने विचारतात : मुलगा की मुलगी, जन्माचा महिना, हयात आहे का, नसल्यास किती वयाचे असताना गेले. महिन्याच्या आतले वय दिवसांत, दोन वर्षांच्या आतले महिन्यांत, त्यापुढचे वर्षांत लिहायचे. आई सांगते, ‘वर्षाचं होतं.’ ते मूल अकरा महिन्यांचे होते की तेरा? अकराचे असेल तर ते अर्भक मृत्यूत येते, तेराचे असेल तर येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याने इथे खोदून विचारले नाही की बाराव्या महिन्यावर मृत्यूंचा ढीग दिसतो आणि अर्भक मृत्युदर हलकेच खाली येतो. शिवाय अलीकडच्या काळातल्या मुलाबद्दल लस, जुलाब, स्तनपान अशी पानेच्या पाने भरावी लागतात. उन्हात दिवसभर फिरलेल्या पाहणीदाराच्या हातून एखाद्या मुलाचा जन्म एक वर्ष मागे ढकलला जातो. ही खोडही जगभरच्या पाहण्यांत आढळलेली आहे.

या पाहणीचा २०१९-२१ चा भारताचा दर ३५.२ आहे आणि नमुना नोंदणीचा २०२० चा दर २८. या दोन आकड्यांवरून एकाला खोटे ठरवण्याची घाई केली जाते. पाहणीचा दर मुलाखतीआधीच्या पाच वर्षांचा असतो, म्हणजे त्याचा मध्य २०१७ च्या आसपास पडतो. त्या वर्षी नमुना नोंदणीचा दर ३३ होता. भांडण जवळपास मिटले. केरळच्या बाबतीत मात्र मिटत नाही : पाहणी ४.४ म्हणते, २०१७ ची नमुना नोंदणी १०. इतक्या कमी दराला पाहणीतले मृत्यू बोटांवर मोजण्याइतके उरतात आणि एक-दोन कुटुंबांच्या उत्तराने आकडा हलतो. छोट्या देशांचेही तेच. आइसलंडमध्ये वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास जन्म होतात. नऊ अर्भके गेली तर दर दोन. चौदा गेली तर तीनच्या वर. क्रमवारीत तो देश दहा घरे खाली सरकेल, आणि त्या सरकण्याला योगायोगापलीकडे काही अर्थ नसेल.

ज्या देशांत धड नोंदणीही नाही आणि नियमित पाहणीही नाही, त्यांचे आकडे मुळात मोजलेले नसून काढलेले असतात. लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी आफ्रिकेसाठी बसवलेली पद्धत आईला दोनच प्रश्न विचारते : किती मुले झाली आणि किती हयात आहेत. त्यातून बालमृत्यूची पातळी कळते. पहिल्या वर्षात किती गेले आणि नंतर किती, हे मात्र कळत नाही. ते वाटप करण्यासाठी ॲन्सली कोल आणि पॉल डेमेनी यांचे १९६६ चे नमुना जीवनतक्ते, म्हणजे कोणत्या वयात किती मृत्यू होतात याचे ठरावीक आराखडे, वापरले जात, आणि ते तक्ते मुख्यतः युरोपच्या अनुभवावरून बनवलेले होते. पश्चिम आफ्रिकेत पहिल्या वर्षानंतरही, गोवर आणि हिवताप यांमुळे, मुले मोठ्या संख्येने जात. म्हणजे तिथल्या अर्भक मृत्युदराचा एक भाग युरोपच्या जुन्या घरांतून उसना आलेला होता. आज युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग यांचा संयुक्त गट सगळी साधने एकत्र करून गणिती वक्र बसवतो आणि प्रत्येक अंदाजासोबत खालची-वरची मर्यादा प्रामाणिकपणे छापतो. वृत्तपत्रांतल्या तक्त्यात ती मर्यादा गाळली जाते आणि दशांशचिन्हापुढचा आकडा तेवढा राहतो. शेजारच्या दोन देशांच्या मर्यादा एकमेकींत शिरलेल्या असतील, तर त्यांतला कोण वर आणि कोण खाली हे सांगता येत नाही. तसे सांगणारी क्रमवारी छापूच नये.

भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी अशा अनेक कामांना जन्मदाखला पुरेसा ठरवला. जन्म नोंदवण्याची गरज त्यामुळे आणखी वाढली. तान्ह्या मुलाच्या मृत्यूचे तसे नाही. त्याच्या नावावर जमीन नसते, विमा नसतो, निवृत्तिवेतन नसते. त्याचा मृत्युदाखला कुठल्याही खिडकीवर मागितला जात नाही. छेद झपाट्याने पुरा होत जाईल आणि अंश मागे राहील. अशा नोंदवहीतून काढलेला अर्भक मृत्युदर एकही मूल जास्तीचे न वाचता वर्षागणिक खाली येताना दिसेल. म्हणून नागरी नोंदणीवरून काढलेले जिल्ह्यांचे किंवा राज्यांचे दर सध्या तुलनेला घेऊ नयेत. नमुना नोंदणीचा आकडा, त्यातल्या उणिवांसह, अजूनही त्यांपेक्षा खरा आहे.